एका खोलीचा मृत्युदर : मदनपुरा-नागपाड्याचा शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब

अर्धापूर : घरात मय्यत झाली की आपल्याकडे पहिली धावपळ असते ती गुसल-कफनाची आणि कबर खोदणाऱ्याला निरोप देण्याची. जनाजाची नमाज जोहरनंतर की असरनंतर, हे मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून सांगितलं जातं. दफन लवकर व्हावं म्हणून अख्खा मोहल्ला झटतो. या सगळ्यात एक काम हमखास मागे पडतं, ते म्हणजे नगरपंचायतीत जाऊन मृत्यूची नोंद करणं. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली, बँकेतले पैसे अडकले, बेवा पेन्शनचा फॉर्म भरायचा झाला की मग तो कागद आठवतो आणि चकरा सुरू होतात.

मृत्यूची ही नोंद फक्त घरच्यांच्या सोयीसाठी नसते. कोणत्या मोहल्ल्यात किती माणसं मेली, कशाने मेली, किती वयाची होती, हे त्या नोंदींवरूनच कळतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत हा हिशेब मांडला गेला आणि त्यात आपल्याच लोकांचे मोहल्ले होते : मांडवी, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा. आपल्याकडची कितीतरी पोरं आजही कामाला मुंबई गाठतात आणि अशाच एखाद्या खोलीत पाच-सहा जणांत राहतात. म्हणून हा हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाला तपासलं. जोराचा ताप आणि जांघेत गाठ. २३ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केलं की हा गाठीचा प्लेग आहे. सरकारला आणि व्यापाऱ्यांना हे ऐकायचं नव्हतं, कारण प्लेगचं नाव निघालं की मुंबई बंदराचा व्यापार अडणार. पण महिनाभरात खात्री पटली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत धान्य, धान्यापाठी उंदीर आणि वखारींच्या वरच्या मजल्यांवर माणसं. हा रोग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवलं, पण बराच काळ कुणी मानलं नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने ते पक्कं झालं. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

तोपर्यंत सरकारी समज असा की रोग घाणीतून आणि कोंडलेल्या हवेतून येतो. म्हणून मोऱ्या-गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं, घरांची कौलं काढून ऊन आत घेतलं गेलं, भिंतींना चुना लावला गेला. ज्या घरात माणूस राहू नये असं ठरलं त्या घरावर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली गेली. गटारांतले उंदीर पाण्याने हुसकून घरांतच शिरले असतील, हे आज आपल्याला सुचतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कोरोनाच्या वेळी २०२० मध्ये वापरला गेला तो हाच कायदा. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे शाळेच्या पुस्तकात असतं. मदनपुऱ्याची गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नाही.

मदनपुऱ्यात आणि रिपन रोडच्या आसपास जुलाहा म्हणजे मोमीन विणकरांची वस्ती होती. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेली ही कुटुंबं. हातमाग घरातच, त्यामुळे तीच खोली कारखाना आणि तीच खोली घर. प्लेगच्या काळात शोधपथकं घरोघर फिरत. ताप असलेला माणूस सापडला की त्याला सरकारी दवाखान्यात आणि घरच्यांना छावणीत पाठवायचं, असा नियम. ९ मार्च १८९८ ला असं एक पथक एका जुलाहा कुटुंबातल्या बारा वर्षांच्या आजारी मुलीला न्यायला आलं. घरच्यांनी नकार दिला. गल्ली जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. दंगल शहरात पसरली आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली.

या प्रसंगाकडे 'अडाणी लोकांनी डॉक्टरला विरोध केला' अशा नजरेने बघायची सवय आहे. पण जरा त्या बापाच्या जागी उभं राहून बघा. दवाखान्यात नेलेली बहुतेक माणसं परत येत नव्हती, हे सगळी गल्ली बघत होती. मुलीला कोण हात लावणार, कोण तिच्याजवळ बसणार, मेली तर गुसल कोण देणार, दफन कुठे होणार, हे सांगायला कुणी नव्हतं. दफनाआधी प्रेत तपासायची सक्ती हा तर आणखीच मोठा दुखवा होता. बरं, प्लेगच्या गावात शिरू नये आणि तिथून बाहेर पडू नये ही हदीस त्या गल्लीतल्या लोकांना सरकारपेक्षा जुनी माहिती होती. म्हणजे आजार पसरू नये या हेतूला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो माणसाला गाठोड्यासारखं उचलून नेण्याला.

सरकारलाही हे हळूहळू उमगलं. सक्तीची धार कमी झाली, मोहल्ल्यातल्या मान्यवर मंडळींना सोबत घेतलं जाऊ लागलं. जमातींनी आपापले प्लेगचे दवाखाने काढले होते, तिथे आपल्या रीतीने देखभाल होते म्हटल्यावर लोक स्वतःहून रुग्ण नेऊ लागले. लसीचंही तसंच झालं. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर लस घेतली आणि हाफकिनना कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. त्यानंतर हजारो खोजा रांगेत उभे राहिले. जे काम शिपायाकडून झालं नाही ते आपल्या माणसाने बाही वर करून केलं.

आता मुद्द्याचं : मृत्युदर म्हणजे काय?

एका वर्षात दर हजार माणसांमागे किती मेली, तो मृत्युदर. दहा हजारांच्या मोहल्ल्यात वर्षभरात चारशे माणसं गेली तर दर चाळीस. सोपं आहे. पण या भागाकारात वरचा आकडा जितका महत्त्वाचा तितकाच खालचा, आणि गडबड बहुधा खालच्या आकड्यात असते.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. प्लेग सुरू झाल्यावर लोक कोकणात, घाटावर, गुजरातेत पळाले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साधारण निम्मी मुंबई रिकामी झाली होती. समजा, एका आठवड्यात १,६०० माणसं मेली. वर्षाच्या ५२ आठवड्यांच्या हिशेबाने आणि जुन्या लोकसंख्येने भागलं तर दर हजारी १०१ येतो. पण शहरात उरलेत जेमतेम सव्वाचार लाख. त्यांनी भागलं तर दर १९० च्या वर जातो. म्हणजे कागदावर जेवढं दिसायचं त्याच्या जवळपास दुप्पट मरण मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आलं होतं. आणि मागे कोण राहिलं? ज्याला गावी शेत नाही, ज्याचा माग इथेच आहे, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत तो.

वरचा आकडाही धड नव्हता. घरात प्लेग झाला असं कळलं की छावणीत जावं लागणार, म्हणून मृत्यूचं कारण 'ताप' किंवा 'छातीचा आजार' असं लिहवून घ्यायचे. त्या वर्षांत ताप आणि श्वासाच्या रोगांच्या रकान्यांतले मृत्यू एकदम वाढलेले दिसतात, त्यात बराच लपवलेला प्लेग आहे. माणसं सरकारला घाबरली की नोंदवही खोटं बोलू लागते.

१९०१ मध्ये लोकसंख्या ७,७६,००६ भरली, म्हणजे दहा वर्षांत कमी झाली. मग पुन्हा गिरण्या चालू झाल्या, माणसं परतली आणि १९११ मध्ये ती ९,७९,४४५ वर गेली. या १९११ च्या जनगणनेतला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शहरातले सुमारे ६९ टक्के लोक एका खोलीच्या घरात राहत होते आणि अशा खोलीत सरासरी साडेचार माणसं होती. सरासरी साडेचार म्हणजे कुठे तीन आणि कुठे दहासुद्धा.

या खोल्या कशा होत्या? दोन इमारतींच्या मध्ये बोळ सोडलेला असे, त्याला घरगल्ली म्हणतात. संडासाची घाण त्याच घरगल्लीत पडायची आणि हलालखोर टोपल्यांतून ती उचलून नेत. घराच्या मागच्या खिडक्या याच बोळात उघडायच्या, म्हणून त्या उघडत नसत. पाणी आलं होतं : विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. पण पाणी आत आणलं त्या मानाने बाहेर काढायची सोय झाली नाही, त्यामुळे तळमजल्याची जमीन ओली. अशा जागेत क्षयाचा माणूस खोकत असेल तर उरलेल्या चौघांनी जायचं कुठे?

क्षयाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या घरातल्या बायांसाठी मुद्दाम सांगतो. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी देशभर फिरून क्षयाची पाहणी केली आणि १९२० मध्ये पुस्तक छापलं. शहरांतल्या पडद्यात राहणाऱ्या बायांमध्ये क्षय जास्त आढळतो, असं त्यांनी नोंदवलं. यावरून पुढे बरेच लोक पडद्यावरच घसरले. पण कारण बघा : दाट शहरातली लहान घरं, बंद मागचा भाग, धूर, ऊन नाही. खेड्यात ज्या घराला ऐसपैस आंगण आहे त्या घरातली बाई पडद्यात राहूनही उन्हात बसते. शहरात त्याच बाईच्या वाट्याला अंधारी खोली येते आणि नवरा दिवसभर बाहेरच्या हवेत असतो. मारत होती ती खोली. घरातली सगळ्यात अंधारी जागा स्वयंपाकाला आणि बायांना द्यायची ही आपली सवय मात्र यात निर्दोष सुटत नाही.

घरं पाडली, माणसं कुठे गेली?

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. काम ठरलं : दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवीन घरं बांधायची. सुरुवातीच्या योजनांतच नागपाडा होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते याच ट्रस्टचे. समुद्राची हवा शहराच्या पोटात यावी, हा त्यामागचा विचार. रस्ते झाले, हवाही आली असेल. पण घरं आधी पाडली आणि नवी मागाहून बांधली. पाडलेल्या घरातला माणूस काही हवेत राहत नाही. तो कामाच्या जवळ राहणार, म्हणून शेजारच्या गल्लीत गेला. तिथल्या खोलीत चारांचे सहा झाले, भाडं वाढलं. एका मोहल्ल्याचा मृत्युदर खाली आला तर त्यातला काही भाग शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन बसलेला असायचा. पुढे आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी ट्रस्टने चाळी बांधल्या, पण पाडलेल्यांपैकी सगळ्यांना त्या मिळाल्या नाहीत, आणि काहींना ते भाडं परवडलं नाही.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मात्र एक कामाचा नियम दिला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. भूमिती बाजूला ठेवू, अर्थ एवढाच : तुमच्या खिडकीसमोर जी भिंत उभी आहे तिच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. समोरचं घर तीस फूट उंच असेल तर मधली जागा पंधरा फूट. एवढं असलं तर तळमजल्याच्या खोलीपर्यंत थोडं आकाश दिसतं. आता अर्धापूरच्या जुन्या भागातली एखादी बोळ डोळ्यासमोर आणा. रुंदी आठ फूट, आणि दोन्ही बाजूंना पोरांच्या लग्नासाठी वर चढवलेला दुसरा मजला. घर चढवताना आपण समोरच्याचं ऊन किती खातोय याचा हिशेब गवंडीही करत नाही आणि आपणही नाही.

यानंतर आला १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई आजारी पडले, ती सुरुवात. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. या साथीचे मुंबईतले मृत्युदर समाजवार काढलेले आहेत आणि ते नीट वाचावेत असे आहेत. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, भारतीय ख्रिश्चन १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना त्या कागदांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, म्हणजे आपले दलित बांधव, त्यांचा ६१.६.

मुसलमानांचे मोहल्ले घाण, म्हणून तिथे रोगराई, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हे आकडे ते म्हणणं खरं ठरवत नाहीत. मुसलमान, सवर्ण हिंदू आणि ख्रिश्चन जवळपास एकाच पातळीवर आहेत. बंगल्यात राहणारा आठ-नऊवर आहे. आणि ज्याला गावकुसाबाहेर ठेवला, ज्याच्याकडून घरगल्ली साफ करून घेतली, तो तिप्पट मेला. इन्फ्लुएंझाचा जंतू कुणाचं नाव विचारत नाही. फरक पडला तो खोलीत माणसं किती, अंगात ताकद किती, आणि आजारात पाणी-पेज द्यायला कुणी उठून उभं राहू शकतं का, याने. आपल्यासाठी यात समाधान मानण्यासारखं काही नाही, कारण १९.२ हाही पारशांच्या दुपटीहून जास्त आहे.

सगळ्यात कडू आकडा लेकरांचा आहे. बालमृत्युदर म्हणजे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती गेली. १९२१ मध्ये मुंबई शहराचा हा दर साधारण ६६६ होता. तोच खोल्यांप्रमाणे मांडला तेव्हा असं दिसलं : एका खोलीच्या घरात ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३.

हजारात ८२८! इथे थांबून तो खालचा आकडा पुन्हा तपासायला हवा. गिरणीत काम करणाऱ्या कितीतरी बाया बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद गावी झाली किंवा झालीच नाही. दोन-तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत आल्या आणि ते मुंबईत गेलं तर मृत्यू मुंबईच्या वहीत. म्हणजे वरच्या आकड्यात ते लेकरू आहे, खालच्या आकड्यात नाही. म्हणून ८२८ हा आकडा फुगलेला आहे, आणि तो एका खोलीवाल्यांचाच जास्त फुगलेला आहे. ठीक आहे, तो निम्मा धरा. तरी ४१४ राहतात, म्हणजे चार खोल्यांच्या घराच्या तिपटीहून जास्त. आकड्यात चूक आहे म्हणून तो फेकून द्यायचा नसतो, चूक किती आणि कोणत्या बाजूला हे बघायचं असतं.

ही लेकरं का जात होती याचं उत्तरही त्याच खोलीत होतं. आई दहा-दहा तास कामाला. बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी. वरचं दूध, माशा, ओली जमीन. कोंदट खोलीतली अशिक्षित दाई, नाळ कापायला हाताशी येईल ते हत्यार. पुढच्या काही वर्षांत प्रसूतिगृहं वाढली, घरोघर जाणाऱ्या परिचारिका आल्या, दाईंना शिकवणं सुरू झालं, नोंदीही सुधारल्या. त्या दशकाच्या अखेरीस शहराचा बालमृत्युदर तीनशेच्या आसपास उतरला. त्यात नोंद सुधारल्याचा वाटा किती आणि लेकरं खरोखर वाचल्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. दोन्ही झालं. २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर १६ होता.

त्या काळी आपलं अर्धापूर निजामाच्या राज्यात होतं. मुंबईचे कायदे इथे लागू नव्हते, पण १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून धावू लागली आणि माणसं, माल, रोग यांना एकच वाट मिळाली. हैदराबादचा धडा वेगळ्या मार्गाने आला. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुरात हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. १९१२ मध्ये तिथेही शहर सुधारणेचं मंडळ निघालं. १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर पुरे झाले. पूरही अडला आणि प्यायला पाणीही मिळालं.

मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या सगळ्यांना अग्नी द्यावा असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी मागे घेतलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानातल्या दफनाला विरोध करणारं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि मे महिन्यात कोर्टाने दफनाला मुभा दिली. दफनाने कोरोना पसरतो याला आधार नाही, हे कोर्टाने मान्य केलं. १८९८ च्या गल्लीतल्या बापाला असं विचारायला जागा नव्हती.

आता आपल्या नोंदीचं. जन्म असो की मृत्यू, १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. त्यानंतर उशिराचं शुल्क, आणि वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, तो मिळवताना माणूस दमतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, आणि आपल्याकडे बुजुर्ग मंडळी बहुधा घरीच जातात. कब्रस्तानच्या कमिटीकडे दफनाची वही असते, तिच्यात नाव चढलं म्हणजे सरकारी नोंद झाली असा काहींचा समज आहे. तसं नाही, दोन्ही वेगळ्या. घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला जियारतच्या दिवशीच हे काम सोपवावं. जाताना मयताचं आणि कळवणाऱ्याचं आधार कार्ड न्यावं, स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे का ते तिथेच बघून घ्यावं, आणि कारणाच्या रकान्यात जे खरं असेल तेच लिहवावं.